भिंतीला चिकटलेलं सर्टिफिकेट

परेडला मी काही हौसेनं गेले नव्हते. चीनची लढाई झाली आणि कॉलेजातल्या पोरांना लष्करी शिक्षण सक्तीचं झालं. सरकारची सक्ती होती ती मुलांपुरती. पण अमरावतीच्या आमच्या कॉलेजचे प्राचार्य भलतेच उत्साही. देश काय एकट्या पोरांचा आहे का, असं त्यांनी भर सभेत विचारलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर मुलींचीही नावं लागली. पदवीच्या परीक्षेला बसायचं तर परेड पुरी करा, हा नियम आम्हालाही चिकटला. आधीच आम्ही कॉलेजात मूठभर मुली. त्यातल्या दोघींनी डॉक्टरची चिठ्ठी आणून सुटका करून घेतली. माझ्या वडिलांना मी तसं सुचवून पाहिलं. ते जिनिंग फॅक्टरीत कामाला होते. ते म्हणाले, "चिठ्ठी कायची? तुले काय रोग झाला? जाय, पाय मोकळे होतीन."

गेले. पांढरा सलवार-कमीज आणि कॅनव्हासचे बूट. बूट माझ्या पायाला मोठे होते, म्हणून पुढे कापूस कोंबायचा. आमच्या घरी कापसाची ददात नव्हती.

शिकवायला एक हवालदार होते, उत्तरेकडचे, काटक आणि दाट मिशांचे. तीन वर्षांत त्यांनी आमच्यापैकी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं असेल असं मला वाटत नाही. ते आमच्या पायांशी बोलायचे. माझ्या पायांशी त्यांचं विशेष वाकडं होतं. 'पीछे मुड' झालं की सगळ्यांचे पाय थांबायचे आणि मागून माझा एक जादा पाय आपटायचा. हवालदार डोळे मिटून घ्यायचे. "फिर एक ज्यादा! ये एक ज्यादा किसका है?" असं ओरडायचे. तो कुणाचा ते सगळ्या मैदानाला ठाऊक असे.

तरी परेड पुरी झाली, सर्टिफिकेट मिळालं, बी.ए. झाले आणि लग्न होऊन अकोल्याला आले. नवरा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. घरात आम्ही दोघं आणि सासू. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. आत्याबाईंचा सारा जन्म दुसऱ्यांच्या शेतात निंदण आणि कापूसवेचणी करण्यात गेला होता. मुलगा नोकरीला लागल्यावर त्या अकोल्याला आल्या, पण शेतात हाका मारायचा आवाज तसाच राहिला होता. घरात मीठ मागितलं तरी चार घरं पलीकडे ऐकू जायचं.

लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची गोष्ट. मी नळावरून पाणी घेऊन आले, तर माझी पेटी उघडी आणि आत्याबाई भिंतीपाशी उभ्या. हाताला पिठाची खळ. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी, नुकत्याच दिलेल्या पांढऱ्या मातीवर, माझं परेडचं सर्टिफिकेट. नुसते चारी कोपरे नाही, सगळ्या पाठीला खळ लावून गोवरीसारखं थापलेलं.

"आत्याबाई, हे काय केलं?"

"काहून? चांगलं दिसून राहिलं ना!" त्या दोन पावलं मागे सरकल्या. "वरते पाह्य, अशोकाचे सिंह हायेत. असा कागद काय पेटीत ठेवतेत?"

त्यांना वाचता येत नव्हतं, पण सिंह ओळखू येत होते. आमच्या लोकांनी दीक्षा घेतली त्यानंतर अशोक राजा घरातलाच माणूस झाला होता. पदवीच्या कागदावर विद्यापीठाची खूण होती, सिंह नव्हते, म्हणून पदवी पेटीतच वाचली. मला हसू आलं. संध्याकाळी नवराही हसला, आणि मग आल्यागेल्याला दाखवायला लागला. आत्याबाई तर भाजीवालीलाही आत बोलवायच्या. "पाह्य, माही सून मिल्ट्रीत होती." मी दहादा सांगितलं की मिलिटरीत नव्हते, नुसती परेड केली. त्या म्हणायच्या, "बंदूक हातात घेतली होती ना? मंग झालं."

बंदूक घेतली होती खरी. लाकडाची.

पुढं दीड-दोन वर्षं ते सर्टिफिकेट तिथंच होतं. मी नोकरी शोधत होते. अर्ज करायचे, भेटायला जायचे, 'कळवू' असं ऐकून परत यायचे. अशात हिवाळ्यात एका मुलींच्या शाळेतून बोलावणं आलं. तिथल्या कवायतीच्या बाईंचं लग्न ठरलं होतं आणि त्या नोकरी सोडून निघाल्या होत्या. सव्वीस जानेवारी तोंडावर. मुख्याध्यापिका बाई होत्या शिस्तीच्या. बोलणं मोजकं, अंबाडा घट्ट. त्यांनी माझी पदवी पाहिली आणि म्हणाल्या, "परेड पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट असेल तर जागा तुमची. भूगोलही शिकवावा लागेल. कागद सोमवारपर्यंत आणून द्या."

मी जवळजवळ धावतच घरी आले. आत्याबाईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"आता वं माय?"

"आता काय, काढू भिंतीवरून."

ओल्या फडक्यानं आम्ही दोघींनी आधी कडा भिजवल्या. मी वरून सोडवत होते, आत्याबाई खालून. वरची बाजू सुटली, पांढऱ्या मातीचा पापुद्रा घेऊनच सुटली. मला धीर आला. मग मधोमध टर्रकन आवाज झाला. सिंह माझ्या हातात आले आणि माझं नाव भिंतीवर राहिलं. नाव खरडून काढायला गेलो तर त्याचा लगदा झाला. खालची सही तर पिठासारखी बोटाला लागली.

आत्याबाई मटकन खाली बसल्या. त्यांचा आवाज इतका लहान मी पहिल्यांदाच ऐकला. "म्या तुही नौकरी खाल्ली वं."

मी त्यांना म्हटलं, असं काही नाही, नक्कल मिळते. मिळते की नाही ते मला ठाऊक नव्हतं. मला खरं तर रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायची सोय नव्हती. त्या आधीच पदरानं डोळे पुसत होत्या. मुख्याध्यापिका बाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "सिंहांवर मला नेमणूक करता येणार नाही. नक्कल आणा. आठवडाभर थांबते."

नवऱ्याला रजा मिळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले, तर आत्याबाई नवी साडी नेसून, भाकरी बांधून दारात तयार.

"तुम्ही कुठं?" मी विचारलं.

"अमरावतीले. म्या चिकटोलं, तं मीच संगं येतो. सायबाले सांगतो, इचा काई कसूर नाई म्हून."

त्यांना थांबवायची माझी हिंमत नव्हती, नवऱ्याचीही नव्हती. बडनेऱ्यापर्यंत गाडी आणि तिथून अमरावतीची छोटी गाडी. मूर्तिजापूरला हरभऱ्याच्या ढाळ्याच्या जुड्या विकायला आल्या. आत्याबाईंनी एक जुडी घेतली आणि डब्यातल्या सगळ्या बायकांना वाटत वाटत आमची कथा सांगितली. बडनेरा येईपर्यंत अर्ध्या डब्याला माझ्या सर्टिफिकेटची काळजी लागली होती. एक बाई उतरताना मला म्हणाली, "होते तुहं काम, फिकीर नको करू."

आधी कॉलेजात गेलो. तिथल्या कारकुनानं सांगितलं की परेडचं सगळं दप्तर लष्करी शिक्षणाच्या कचेरीत असतं, कॅम्पात. आम्ही तिथून चालत कॅम्पात. जुन्या बंगल्यात कचेरी होती, पुढे मोठं मैदान, कडेला कडुनिंब. आतला कारकून चष्मा पुसत बसला होता. मी फाटके तुकडे टेबलावर ठेवले. त्यानं सिंह उचलून उजेडात धरले.

"हे मुलांचं आहे."

"माझं आहे."

"मुलींना सक्ती नव्हती."

"आमच्या कॉलेजात होती."

"सरकारी हुकूम मुलांसाठी होता. मुलींना सक्तीच नव्हती, तर तुम्ही सक्तीची परेड केली कशी?"

मी तीन वर्षं पहाटे उठून पाय आपटले होते आणि हा मनुष्य मला ते घडलंच नाही असं पटवून देत होता. आत्याबाई पुढे सरकल्या. "काहून जी, तुमी पाह्यलं होतं का तवा? नव्हतं ना? मंग?"

कारकून जरा मऊ झाला. मऊ म्हणजे एवढाच, की त्यानं काय काय लागेल ते सांगितलं. अर्ज, कॉलेजचं पत्र आणि कागद कसा खराब झाला याचं कोर्टातून केलेलं प्रतिज्ञापत्र. मग साहेब ठरवतील. साहेब उद्या सकाळी भेटतील.

कॉलेजचं पत्र लगेच मिळालं. प्राचार्य तेच होते, उत्साहही तोच. त्यांनी मला ओळखलं नाही, पण पत्र मात्र दणदणीत दिलं. तिथून कोर्टात. आवारात झाडाखाली अर्जनवीस टाइपरायटर घेऊन बसायचे. एक वयस्कर अर्जनवीस रिकामे दिसले. त्यांनी कागद मशीनच्या रुळात सरकवला, माझं नाव-गाव टाइप केलं आणि न विचारताच म्हणाले, "कारण, उंदराने कुरतडले."

"उंदरानं नाही," मी म्हटलं.

"मग पावसाने भिजले लिहू?"

"म्या भिंतीले चिकटोलं," आत्याबाई म्हणाल्या.

अर्जनवीसांची बोटं थांबली. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग त्यांच्याकडे पाहिलं. "बाई, उंदीर बरा. सगळे उंदीरच लिहितात. उंदराला कोणी प्रश्न विचारत नाही."

"उंदरानं केलं नाई, तं त्याचं नाव कायले घेता?" आत्याबाईंचा आवाज आता मूळ पट्टीवर आला होता. आजूबाजूचे पक्षकार वळून पाहायला लागले. "कोर्टात खोटं बोलू म्हंता? लिहा, सासूनं चिकटोलं. हाव, लिहा ना. म्या अंगठा देतो खाली."

त्यांनी लिहिलं. 'सदर प्रमाणपत्र अर्जदार हिच्या सासूने अभिमानापोटी घराच्या भिंतीस खळीने चिकटविल्यामुळे व तेथून काढताना फाटले.' 'अभिमानापोटी' हा शब्द अर्जनवीसांनी स्वतःच घातला. मी वाचून दाखवलं तेव्हा आत्याबाईंनी तो शब्द दुसऱ्यांदा वाचायला लावला. मग अंगठा दिला. वर मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहून त्यांनी सांगितलेलं सगळं व्हरांड्यातल्या माणसांनीही ऐकलं असणार.

रात्रीपुरतं माझ्या माहेरी उतरलो. विहिणीच्या घरी जेवायचं म्हणून आत्याबाई संकोचल्या होत्या, पण वडिलांनी जिनिंगच्या गोष्टी काढल्या आणि दोघं कापसाच्या भावावर इतके रंगले की आम्हा मायलेकींना कुणी विचारलं नाही.

सकाळी पुन्हा कॅम्पात. साहेब दक्षिणेकडचे मेजर होते, तरुण, टापटिपीचे. ते हिंदी जपून बोलायचे, जणू उकळता चहा पितायत. त्यांनी प्रतिज्ञापत्र कारकुनाकडून इंग्रजीत समजून घेतलं, ओठ दाबले आणि विचारलं, "सास कौन?"

आत्याबाई पुढे झाल्या. पदर डोक्यावर नीट घेतला.

"आपने क्यों चिपकाया?"

मला वाटलं आता मला बोलावं लागणार. पण आत्याबाईंनी आपली हिंदी काढली. आमच्या वऱ्हाडात ती प्रत्येकाकडे थोडीफार असतेच. "साब, हम तो अंगूठाछाप. हमारे घर में पहले कोई पढ़ेल नाई था. बहू पढ़ेल आई. तो लोगों को दिखना कि नाई? पेटी में रखा तो किसको दिखता?" आणि मग, जरा थांबून, "शेर भी थे उसपे."

मेजर हसले नाहीत. त्यांनी मान हलवली. "मैं मानता हूँ. लेकिन लड़कियों का रिकॉर्ड इस ऑफिस में नहीं है. मैं कैसे लिखूँ कि इसने ट्रेनिंग किया?" त्यांनी कारकुनाला विचारलं, मुलींच्या त्या तुकडीला शिकवायला कोण होतं. कारकून बाहेर गेला आणि परत आला तेव्हा त्याच्यासोबत आमचे हवालदार होते. मिशा पांढरट झाल्या होत्या, बाकी तेच.

मला इतका आनंद झाला की मी नमस्कारच केला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, कोऱ्या नजरेनं.

"याद नहीं आता, साहब," ते म्हणाले. "लड़कियाँ थीं जरूर. कौन-कौन थीं, नहीं बता सकता."

साहेबांनी खांदे उडवले. हवालदार जायला वळले, मग थांबले आणि माझ्या पायांकडे पाहत म्हणाले, "साहब, हुकुम हो तो मैदान में देख लूँ? तीन साल किया होगा तो पैर भूलेगा नहीं."

साहेबांना ते पटलं. मी मैदानात गेले. चपला निंबाखाली काढल्या, पदर कमरेला खोचला, निऱ्या जराशा वर घेतल्या. कारकून खिडकीत आला. शेजारच्या खोलीतले दोन शिपाई पायरीवर आले. एक सायकलवाला रस्त्यात थांबला. अंगाला थंडी लागत होती आणि कान तापले होते. लग्न झालेली बाई मी, भर सकाळी परक्या माणसांपुढे पाय आपटणार होते. निंबाखाली आत्याबाई भाकरीचं गाठोडं छातीशी धरून उभ्या होत्या.

"सावधान!"

आणि काय सांगू, टाचा आपोआप जुळल्या. विश्राम, सावधान, दाहिने मुड, बाएँ मुड. तेज चल म्हटल्यावर हात खांद्यापर्यंत जायला लागले. बांगड्यांचा आवाज तेवढा नवा होता. आत्याबाई ओठ घट्ट मिटून पाहत होत्या. आधी हसू दाबत असाव्यात, मग नाही.

"थम! पीछे... मुड!"

मी वळले. पाय थांबवले. आणि मग एक पाय आणखी एकदा आपटला.

मी डोळे मिटून घेतले. सगळं मिळवलं आणि शेवटी घालवलं, असं वाटलं. तेवढ्यात हवालदार ओरडले, इतक्या खुशीत मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "एक ज्यादा! साहब, यही है! एक ज्यादा वाली लड़की!"

त्यांना माझं नाव आजही ठाऊक नव्हतं. पण बूट मोठे होते, त्यात कापूस होता, दिवाळीनंतरच्या शिबिरात पाय आपटताना माझा बूटच उडाला होता आणि तो स्वयंपाकाच्या तंबूत जाऊन पडला होता, हे सगळं त्यांनी साहेबांना उभ्याउभ्या सांगितलं. मीच विसरले होते. साहेब आता मात्र मोकळेपणी हसले. हवालदारांनी लेखी सांगितलं की मी त्यांच्या हाताखाली शिकले, साहेबांनी त्याखाली सही केली आणि कारकुनाला नक्कल करायला सांगितलं. कारकुनानं सुंदर अक्षरात माझं नाव लिहिलं आणि वर लाल शिक्का मारला.

"हा लाल कायचा?" आत्याबाईंनी विचारलं.

"नक्कल आहे असा शिक्का," कारकून म्हणाला.

"नक्कल कायची? खरी परेड केली ना तिनं आता, तुमच्याच समोर?"

कारकून पहिल्यांदाच हसला. "शिक्का मारावाच लागतो, आई."

'आई' म्हटल्यावर त्यांनी वाद सोडला. गाठोडं उघडून त्याला भाकरी आणि ठेचा दिला, हवालदारांनाही. हवालदारांनी उभ्यानंच खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आलं, ते ठेच्याचं. जाताना ते मला म्हणाले, "बेटी, अब तुम सिखाओगी. वो एक ज्यादा मत सिखाना."

मी अकोल्याला येऊन शाळेत नक्कल दिली. मुख्याध्यापिका बाईंनी लाल शिक्का बारकाईनं पाहिला, कागद फायलीत लावला आणि म्हणाल्या, "उद्यापासून या."

पहिल्या दिवशी मैदानात मुली रांगेत उभ्या राहिल्या. सहावी-सातवीच्या. निम्म्या अनवाणी, कुणाच्या वेण्या सुटलेल्या, दोघी एकमेकींना चिमटे काढतायत. 'पीछे मुड' मी त्यांना तोंडीच शिकवलं, स्वतः करून दाखवलं नाही. मागच्या रांगेतली एक बारकी पोर दर वेळी उलटीकडे वळायची आणि मग सगळ्यांकडे तोंड करून खुशाल हसायची. तिला सरळ करायला मला पुढचे तीन महिने लागले. दुपारी सातवीचा भूगोल होता. फळ्यावर सातपुडा काढताना माझ्या लक्षात आलं की सकाळच्या ओरडण्यानं माझा आवाज पार बसलाय. खडू फिरवत मी गप्प उभी होते आणि मुली डोंगर वहीत उतरवून घेत होत्या.